‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

केळीवाला_कोडर · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. धागा थोडा तक्रारीचा आहे, पण प्रश्न खरा आहे.

मी रावेरकडचा. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली, आता जळगावला बसून गावाकडच्या लोकांसाठी छोटी छोटी सॉफ्टवेअरं करतो. त्यातलं एक केळीच्या व्यवहाराचं आहे. कुणाच्या बागेत कटाई झाली, किती क्विंटल, काय भाव, गाडी कुठे गेली, व्यापाऱ्याकडे बाकी किती, एवढंच. सावदा-फैजपूर पट्ट्यात चाळीसेक जण वापरतात.

आज एका दिवसात आलेले निरोप, जसेच्या तसे:

‘चालत नाही.’

‘बाकी चुकतेय, लवकर बघा.’

‘गाव उडालं.’

एक फोटो. त्यात कॉम्प्युटरची स्क्रीन तिरकी, स्क्रीनवर छताच्या पंख्याचं प्रतिबिंब, कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा अंगठा. जो मेसेज मला वाचायचा होता तो नेमका अंगठ्याखाली.

आणि साडेतीन मिनिटांची एक व्हॉइस नोट, त्यातली तीन मिनिटं ट्रॅक्टरची.

फोन केला तर ‘तुम्ही इकडेच या ना, दाखवतो’. गेल्या आठवड्यात या उन्हात मोटरसायकलवर सावद्याला गेलो. गेल्यावर सगळं सुरळीत. समोरचे गृहस्थ माझ्याकडेच संशयाने बघायला लागले, ‘आत्ता कसं चाललं? मघाशी तर नव्हतं चालत!’

तर विचारायचं हे की अडचण नीट कळवायला लोकांना शिकवता कसं येईल? आणि तुम्ही स्वतः वापरणाऱ्यांपैकी असाल तर कळवताना काय सांगता?

---

शेवभाजी · सोमवार, रात्री ९:५२

भाऊ, ‘चालस नई’ याच्यापेक्षा अचूक अजून काय सांगायचं? माझ्या स्कूटरचंही मी मेकॅनिकला एवढंच सांगतो. तो कान लावून ऐकतो. तुम्हीपण लावा.

---

केळीवाला_कोडर · सोमवार, रात्री ९:५५

लावला. पंख्याचाच आवाज येतो.

---

चाचणीवाली · सोमवार, रात्री १०:३०

माहेर चाळीसगाव, सध्या पुण्यात. अकरा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका कळवण्याचाच पगार घेते. त्यामुळे थोडं लांबण लावते.

सांगायच्या गोष्टी तीन. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय. यातली मधली लोक हमखास गाळतात, कारण त्यांना ती उघडच वाटते. तुमचं ‘बाकी चुकतेय’ घ्या. चुकतेय असं ज्यांना वाटतं, त्यांच्या वहीत बरोबर आकडा लिहिलेला आहे. तोच मागून घ्या! ‘प्रोग्राम २,१४,००० दाखवतो, माझ्या हिशेबाने ३,३४,००० पाहिजेत’ असं आलं की फरक निघाला १,२०,००० चा. शंभर क्विंटल माल, बाराशेचा भाव. म्हणजे एक अख्खी गाडी कुठेतरी गळालीय. (आकडे माझ्या मनचे आहेत, पण फरक असाच बोलतो.)

दुसरं, स्क्रीनवर जे आलं ते अक्षरशः उतरवायचं. ‘काहीतरी एरर आली’ हे म्हणजे ‘कुणीतरी येऊन गेलं’ असं सांगण्यासारखं. कोण आलं होतं ते सांगा. स्क्रीनशॉट जमत नसेल तर कागदावर लिहा, इंग्रजी असेल तर स्पेलिंगसकट. आणि मेसेज वाचायच्या आधी ‘ओके’ दाबायचं नाही. आपल्याकडे ओके दाबायची फार घाई.

तिसरं नाजूक आहे. पाहिलं ते सांगा, कारण सांगू नका. ‘सर्व्हर डाउन आहे’, ‘व्हायरस आलाय’, ‘अपडेटने वाट लावली’ हे अंदाज झाले. अंदाज द्यायला हरकत नाही, पण तो अंदाज म्हणून वेगळा द्या. सर्व्हर डाउन म्हटल्यावर मी दोन तास सर्व्हर बघते, आणि शेवटी कळतं की यांच्या वायफायचा रिचार्ज संपला होता.

---

बोचरा_काटा · सोमवार, रात्री १०:४१

पैसे तुम्ही घेता, चुका तुमच्या, आणि गृहपाठ आम्ही करायचा? हॉटेलात भाजी खारट लागली तर ‘खारट आहे’ एवढंच म्हणतो मी. मीठ किती ग्रॅम जास्त पडलं ते मी का सांगू?

---

चाचणीवाली · सोमवार, रात्री १०:५०

ग्रॅम नकोत दादा. पण कोणती भाजी ते तरी सांगाल ना? तुमच्या टेबलावर चार वाट्या आहेत.

---

शेवभाजी · सोमवार, रात्री १०:५२

चारही शेवभाजीच्या असल्या तर?

---

निवृत्त_लोको · मंगळवार, सकाळी ६:१५

भुसावळला स्थायिक आहे, आयुष्य एका लोको शेडमध्ये गेलं. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, पण विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

इंजिनात लॉगबुक असतं. गाडी आणणारा ड्रायव्हर त्यात दोष लिहितो आणि शेडवाले ते वाचून काम काढतात. काही ड्रायव्हर साहेब लिहायचे, ‘इंजिन बरोबर नाही, बघावे.’ आम्ही बघायचो. शेडमध्ये उभं केलेलं इंजिन पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं शहाणं असतं. काही सापडायचं नाही. आम्ही ‘तपासले, ठीक’ लिहून सोडायचो, ते दोन दिवसांनी पुन्हा त्याच शेऱ्यासकट हजर.

एक ड्रायव्हर मात्र वेगळे होते. त्यांचा एक शेरा मला अजून पाठ आहे, ‘वेग साठच्या वर आणि वळण डावीकडे, दोन्ही एकदम असेल तरच दिवा लागतो. सरळ मार्गावर विझतो. उजव्या वळणावर लागत नाही. तीन वेळा पाहिले.’ आम्हाला इंजिन हलवावंही लागलं नाही. डाव्या वळणावर कुठली वायर कुठल्या पत्र्याला टेकेल एवढंच शोधायचं होतं. अर्ध्या तासात घासलेली वायर हातात आली.

त्यांनी कारण लिहिलं नव्हतं हे लक्षात घ्या. दिवा कधी लागतो हे तर लिहिलंच, कधी लागत नाही हेही लिहिलं. माझ्या मते दुसरं जास्त कामाचं.

---

केळीवाला_कोडर · मंगळवार, सकाळी ८:०५

काका, हे प्रिंट काढून भिंतीवर लावतो. ‘कधी लागत नाही’ हे मी आजवर कुणालाच विचारलेलं नाही.

---

सेतूवाली · मंगळवार, सकाळी ११:२०

अमळनेरकडची. दाखले, उतारे, फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवते. आता आमची बाजू ऐका.

सरकारी असो की खासगी, पोर्टल अडलं की मराठीत सुंदर वाक्य येतं, ‘काहीतरी चूक झाली आहे, कृपया नंतर प्रयत्न करा.’ नंतर म्हणजे कधी? दहा मिनिटांनी की पेरणीनंतर? समोर पंधरा माणसं उभी, त्यात एक म्हातारी तेरा किलोमीटरवरून एसटीने आलेली, वर लाइट जायची वेळ झालेली. त्यात मी ‘काय केलं, काय झालं’ लिहीत बसू?

आणि सुरुवातीला लिहायचे मी! तारीख, वेळ, कुठला ब्राउझर, कितव्या पानावर अडलं, सगळं. पाच दिवसांनी उत्तर यायचं, ‘आपल्या समस्येचे निराकरण करण्यात आले आहे.’ जाऊन बघते तर जैसे थे. असं सहा-सात वेळा झाल्यावर मीही ‘चालत नाही’वर आले. लोकांना लिहिता येत नाही असं नाही हो. लिहून काही होत नाही हे ते शिकलेत.

अजून एक, हे कुणी बोललं नाही म्हणून सांगते. स्क्रीनशॉट मागताना जरा विचार करा. आमच्या स्क्रीनवर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइल नंबर असतात. ते झाकून पाठवा असं आधी सांगायचं. मी आता फोनमध्येच नंबरावर काळी पट्टी ओढते. ओटीपी तर कुणाच्या बापाला द्यायचा नाही, मग तो ‘सपोर्ट’वाला असला तरी.

---

चाचणीवाली · मंगळवार, दुपारी १:१०

ताई, तुमचं पहिलं म्हणणं मान्यच करावं लागेल. ‘काहीतरी चूक झाली’ असं लिहिणारा प्रोग्रामर हा ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा सख्खा भाऊ. केळीवाले, तुमच्या प्रोग्रामात चूक आली की काय दिसतं?

---

केळीवाला_कोडर · मंगळवार, दुपारी १:२५

...‘काहीतरी चूक झाली.’

---

बोचरा_काटा · मंगळवार, दुपारी १:२६

वा!

---

लांबचा_पाहुणा · मंगळवार, दुपारी २:००

इथे अमेरिकेत रात्र आहे, झोप येत नाही आणि धागा रंगलाय. मूळ पारोळ्याचा.

सेतूवाली ताईंच्या ‘नंतर म्हणजे कधी’वरून एक खरी गोष्ट आठवली. आखाती युद्ध, २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडण्यासाठी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा तिथे होती. ती वेळ एक दशांश सेकंदांत मोजायची. ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत पुरता मावत नाही, शेपूट तोडावं लागतं. तोडलेलं शेपूट इवलंसं, पण यंत्र बंदच केलं नाही तर ते साठत जातं. त्या दिवशी यंत्र सलग शंभर तासांवर चालू होतं आणि घड्याळ ०.३४ सेकंदाने चुकलं होतं. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. पॅट्रियटने भलत्याच जागी पाहिलं, तिथे काही नव्हतं. स्कड बराकीवर पडलं आणि २८ सैनिक गेले.

माझा मुद्दा पुढे आहे. हा दोष कळवला गेला होता. इस्रायलकडची माणसं हेच यंत्र वापरत होती. सलग आठ तास चालवलं की नेम सरकायला लागतो, अशी आकड्यांसकट माहिती त्यांनी ११ फेब्रुवारीला दिली होती. तिच्यावरून दुरुस्तीही सुरू झाली. पण मधल्या काळात यंत्र वापरणाऱ्यांना जी सूचना गेली ती ‘फार जास्त वेळ सलग चालवल्यास’ अशा धाटणीची. फार जास्त म्हणजे किती, ते त्यात नव्हतं. यंत्र एकदा बंद करून चालू केलं असतं तरी घड्याळ पुन्हा शून्यावर आलं असतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला.

कळवणाऱ्याने ‘आठ तास’ लिहिलं आणि पुढे सांगणाऱ्याने त्याचं ‘फार वेळ’ केलं. मी कामावर कुणाच्या रिपोर्टमध्ये ‘कधीकधी’, ‘बराच वेळ’, ‘खूप डेटा असला की’ वाचलं की आधी आकडा विचारतो. लोकांना मी खडूस वाटतो. वाटू दे.

---

निवृत्त_लोको · मंगळवार, दुपारी ४:३०

सुन्न झालो वाचून.

---

गुरुजी_शहादा · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

वातावरण गंभीर झालं, थोडं हलकं करतो.

प्रोग्राममधल्या चुकीला म्हणतात तो ‘बग’ म्हणजे किडा, हे सगळ्यांना माहीत असेलच. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या रिलेत (विजेच्या स्विचमध्ये) खरोखरीचा पतंग सापडला होता. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने वहीत डकवला आणि खाली लिहिलं की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिली घटना. ती वही आजही तिकडच्या संग्रहालयात आहे. त्यांचा विनोद असा की शब्द आधीपासूनच रुळलेला होता, एडिसननेही १८७८ च्या एका पत्रात तो वापरलाय. वहीत वेळही आहे, जागाही आहे आणि पुरावाच डकवलेला! इतका नीटस रिपोर्ट माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता शाळेतलं. एका ऑनलाइन यादीत विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा भरत होतो. काही मुलं बिनबोभाट भरली जायची, काही मुलांना ‘अवैध’ यायचं. सगळ्या शिक्षकांचं एकच पालुपद, ‘साइट गंडलीय.’ मी अडलेल्या मुलांची नावं एका कागदावर आणि भरलेल्यांची दुसऱ्या कागदावर लिहिली. अडलेली सगळी मुलं महिन्याच्या १२ तारखेनंतरची! म्हणजे ती साइट आधी महिना आणि मग दिवस वाचत होती, आणि तेरावा महिना तिच्याकडे नव्हता. वाईट याचं वाटलं की जी मुलं ‘नीट’ भरली गेली त्यांचेही दिवस-महिने उलटे पडले होते. अडली ती दिसली तरी, बाकीची चुकून गेली आणि कुणाला पत्ता नाही.

लोकांना शिकवायचं कसं, हा तुमचा मूळ प्रश्न. मी चौथीत एक खेळ घेतो. एका मुलाला चित्र दाखवायचं, दुसरा पाठ फिरवून बसतो. पहिल्याने फक्त बोलून सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. ‘घर काढ’ म्हटलं की जे घर निघतं ते बघून वर्ग हसतो. दुसऱ्या फेरीला तेच पोरगं सांगतं, ‘पानाच्या मधोमध चौकोन, त्याच्या वर त्रिकोण, दार डावीकडे.’ तुमच्या व्यापाऱ्यांना पाठमोरं बसवा एकदा.

---

शेवभाजी · मंगळवार, संध्याकाळी ६:५८

गुरुजी, त्यांना एक किडा सापडला तर संग्रहालयात ठेवला. पहिल्या पावसानंतर आमच्या धुळ्यात ट्यूबलाइटखाली या, पूर्ण विभाग उघडता येईल.

---

पांढरं_सोनं · मंगळवार, रात्री ९:१५

जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. आमच्याकडे गाडी आत येताना भरलेलं वजन, बाहेर जाताना रिकामं वजन, आणि वजाबाकी होऊन पावती. हंगामात रात्रीपण रांग. मधेच एखाद्या पावतीवर कापसाचं वजन उणे यायचं. कंपनीला कळवलं, ‘काटा चुकतो.’ त्यांनी माणूस पाठवला, त्याने मापं ठेवून काटा तपासला, काटा बरोबर. पुन्हा तेच. त्यांचं म्हणणं तुमचा ऑपरेटर झोपेत बटणं दाबतो.

शेवटी रात्रपाळीच्या पोरानेच सांगितलं, की जी गाडी बाराच्या आधी आत येते आणि बारानंतर बाहेर पडते, तिचीच पावती बिघडते. सॉफ्टवेअर त्याच तारखेची दोन वजनं जोडायला बघत होतं आणि तारीख मधेच बदलायची. पोरगं आठवी शिकलेलं. आमचं ‘काटा चुकतो’ हे चाचणीवाल्या ताई म्हणतात तसं कारण होतं, आणि तेही चुकीचं.

---

हिशेबनीस · मंगळवार, रात्री १०:४०

पहिल्यांदाच लिहितोय, टायपिंगला वेळ लागतो. माझ्या भाच्याने हा धागा दाखवला.

केळीवाले, ‘गाव उडालं’ हा निरोप माझा आहे.

वाईट वाटलं. तीस वर्षं केळीच्या पेढीवर हिशेब लिहितोय, एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. गाव उडालं म्हणजे गाव उडालंच आहे. यादीत होतं, आता नाही. अजून काय लिहू?

---

केळीवाला_कोडर · मंगळवार, रात्री १०:४८

आप्पा, तुम्ही! आधी माफी मागतो. नाव लिहिलं नव्हतं, पण चारचौघांत मांडायला नको होतं.

आता इथेच विचारू का? कोणतं गाव?

---

हिशेबनीस · मंगळवार, रात्री ११:०५

बऱ्हाणपूर.

---

शेवभाजी · मंगळवार, रात्री ११:०६

अरे बापरे, फारुकींची राजधानीच उडवली! १६०१ ला अकबराने असीरगड घेतला तेव्हासुद्धा बऱ्हाणपूर जागेवरच होतं.

---

लांबचा_पाहुणा · मंगळवार, रात्री ११:२०

जुन्या खानदेशाचं मुख्य शहर, आणि आज मध्य प्रदेशात. इंग्रजांनी १९०६ ला पूर्व-पश्चिम खानदेश केले तेव्हाही ते आपल्यात नव्हतं. यादीतून कुणी काढलं असेल तर इतिहासाला धरूनच आहे.

---

बोचरा_काटा · मंगळवार, रात्री ११:२२

बऱ्हाणपूर की बुऱ्हाणपूर? आधी ते ठरवा.

---

चाचणीवाली · बुधवार, सकाळी ९:३०

इतिहास नंतर. आप्पा, लोको काकांची युक्ती करूया का? जमेल तेवढं सांगा:

बऱ्हाणपूर कुठून शोधलं की सापडत नाही, कॉम्प्युटरवरून की मोबाइलवरून? आणि कुठून सापडतं? रावेर, सावदा वगैरे बाकीची गावं सापडतात का? बऱ्हाणपूरसारखं न सापडणारं आणखी एखादं गाव आहे का?

---

हिशेबनीस · बुधवार, दुपारी ३:४५

दुपारी पेढीवर गर्दी कमी असते, तेव्हा बसून पाहिलं. वहीत लिहिलं, ते इथे उतरवतो.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी टाकलेलं बऱ्हाणपूर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सापडतं. तेच मोबाइलवर शोधलं तर ‘आढळले नाही’. आमचा पोरगा बागेत कटाईच्या जागेवरून मोबाइलवर गाडी टाकतो. त्याने टाकलेलं बऱ्हाणपूर मोबाइलवर सापडतं, मला ऑफिसात सापडत नाही.

रावेर, सावदा, फैजपूर, यावल, निंभोरा, दिल्ली, सगळं दोन्हीकडून सापडतं.

यादीतली एकशे बारा गावं एकेक करून पाहिली. न सापडणारी तीन. बऱ्हाणपूर, कुऱ्हा काकोडा, कुऱ्हे पानाचे.

तीनदा पाहिलं. लाइट गेली होती तेव्हा इन्व्हर्टरवर पाहिलं, तेव्हाही तेच.

---

निवृत्त_लोको · बुधवार, दुपारी ३:५८

शाब्बास! हे ड्रायव्हर साहेबांच्या तोडीचं झालं.

---

चाचणीवाली · बुधवार, दुपारी ४:०२

आप्पा, आमच्या टीममध्ये येता का? 🙂 तिन्ही नावांत काय सारखं आहे ते दिसलं का कुणाला?

---

गुरुजी_शहादा · बुधवार, दुपारी ४:१०

ऱ्ह!

---

केळीवाला_कोडर · बुधवार, संध्याकाळी ७:३०

सापडलं. आता नीट सांगतो, कारण मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी चावणार आहे.

हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना क्रमांक देतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग ह. दुसरी, साधा र (०९३०), हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह (२००डी), आणि मग ह. डोळ्यांना दोन्ही एकच: ऱ्ह आणि र्‍ह. कुठला कीबोर्ड यातलं काय उमटवेल ते त्याच्या बनवणाऱ्याच्या मर्जीवर. आप्पांच्या ऑफिसातला एक प्रकार उमटवतो आणि पोराच्या मोबाइलवरचा दुसरा. मी दोन्ही ‘बऱ्हाणपूर’ची लांबी मोजली. एकाची ९ भरली, दुसऱ्याची १०. माझ्या प्रोग्रामच्या लेखी ही दोन वेगळी गावं!

तयार नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारी सोय) लावून बघितलं, उपयोग नाही. युनिकोडच्या नियमांत हे दोन प्रकार एकमेकांशी सममूल्य धरलेले नाहीत, त्यामुळे मलाच दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करावं लागलं. आता साठवतानाही करतो आणि शोधतानाही.

पण खरी गंमत पुढे. आठवतंय ना, ‘बाकी चुकतेय’ हा दुसरा निरोप? तो वेगळ्या पेढीचा, मी त्याला वेगळी अडचण समजत होतो. त्यांना बऱ्हाणपूरचा व्यापारी मोबाइलवर सापडला नाही, म्हणून त्यांनी तो नव्याने टाकला. एकाच माणसाची दोन खाती झाली, थोड्या गाड्या इकडे आणि थोड्या तिकडे. चाचणीवाली ताई, तुम्ही सोमवारी मनाने आकडे टाकून ‘एक गाडी गळालीय’ म्हणालात. इथे तीन गाड्या दुसऱ्या खात्यात बसल्या होत्या.

---

शेवभाजी · बुधवार, संध्याकाळी ७:४१

आणि अंगठ्याखाली काय होतं?

---

केळीवाला_कोडर · बुधवार, संध्याकाळी ७:४४

पुन्हा फोटो मागवला. ‘काहीतरी चूक झाली.’ ते वाक्य आजच काढून टाकलं. आता चूक क्रमांक येतो, वेळ येते आणि खाली ‘अडचण कळवा’ बटण. दाबलं की कोणत्या पानावर होतात, कुठली आवृत्ती, मोबाइल की कॉम्प्युटर, हे आपोआप माझ्याकडे. वापरणाऱ्याने फक्त दोन ओळी लिहायच्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. फोन नंबर, खाते क्रमांक त्यात जात नाहीत, सेतूवाली ताई.

---

सेतूवाली · बुधवार, रात्री ८:३०

छान. पण उत्तर कोण देणार? ‘निराकरण करण्यात आले आहे’ आलं तर मी जळगावला येऊन भांडेन.

---

केळीवाला_कोडर · बुधवार, रात्री ८:३६

मीच देणार. आणि काय दुरुस्त केलं ते लिहून देणार. आप्पांना दुपारीच फोन झाला.

---

बोचरा_काटा · बुधवार, रात्री ९:००

मी अजूनही म्हणतो की भाजी खारट आहे एवढंच सांगणं माझं काम. पण आप्पांनी एकशे बारा गावं तपासली म्हणजे कमाल आहे. इतकं मी माझ्या सासुरवाडीचंही तपासलं नसतं.

---

हिशेबनीस · गुरुवार, सकाळी १०:१५

बऱ्हाणपूर आलं. दोन्हीकडून सापडतं. कुऱ्हा, कुऱ्हे पण. धन्यवाद.

आता नवीन. केलं काय: दोन खाती एकत्र केल्यावर जुनी पावती पुन्हा छापली. व्हायला हवं होतं काय: एक पावती. झालं काय: दोन छापल्या गेल्या, आकडे सारखे, तारीख सारखी. कधी होत नाही: एकत्र न केलेल्या खात्यांवर एकच येते. चार वेळा पाहिलं. नंबर झाकून स्क्रीनशॉट पाठवलाय.

बाकी सविस्तर व्हॉइस नोटमध्ये सांगितलंय. साडेसहा मिनिटांची आहे, सुरुवातीला थोडा ट्रॅक्टर येईल.